ट्रक आदळतो म्हणजे नेमकं काय होतं? ऑफरोड सस्पेन्शनचं ट्यूनिंग, सोप्या भाषेत

कच्च्या रस्त्यावर ट्रक, म्हणजे आपला पिकअप, आदळायला लागला की बहुतेकांची पहिली खरेदी ठरलेली असते: नवे, महागातले शॉकअप. मग उंची वाढवणारा किट, मग जाड पाटे (लीफ स्प्रिंग). ट्रक रुबाबदार दिसायला लागतो आणि कंबर पूर्वीपेक्षा जास्त दुखायला लागते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मीही हाच क्रम धरला होता, त्यात दोन वर्षं गेली, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

गचके बसण्याची कारणं दोन. एक तर चाकाला वर जायला जागा मिळत नाही, नाहीतर खाली यायला वेळ मिळत नाही. त्याच्या वाटेत काय आडवं येतंय ते शोधून काढणं म्हणजे सस्पेन्शनचं ट्यूनिंग. आणि हे शोधणं पाना हातात घ्यायच्या आधी करायचं असतं.

आधी कान द्या

"ट्रक आदळतो" हे आपण सरसकट म्हणतो, पण आदळण्याचे प्रकार वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाचं मूळ वेगळ्या ठिकाणी असतं. बारीक खडीवरसुद्धा स्टीअरिंग आणि डॅशबोर्ड सतत थरथरत असतील, दात वाजत असतील, तर संशय टायरच्या हवेवर, आवळलेल्या बुशांवर (सांध्यांतल्या रबरी नळ्यांवर) किंवा पाट्यांमधल्या घर्षणावर घ्यायचा. मोठ्या खड्ड्यात खोल, "धाडकन" असा आवाज येऊन धक्का मणक्यात गेला, तर चाकाचा वर जायचा प्रवास संपलाय आणि एक्सल बंपस्टॉपवर, म्हणजे वरच्या टोकाच्या रबरी अडसरावर, जाऊन आदळलाय. उंचवटा ओलांडल्यावर, चाक खाली लोंबकळायच्या क्षणी कोरडा "खट्ट" आवाज आला, तर उलट झालंय, खाली जायचा प्रवास संपलाय. आणि उंचवटा मागे पडल्यावरही ट्रक दोन-तीन वेळा वरखाली डुलत राहिला, तर शॉकअप दमलेत.

पहिल्या प्रकारावर जाड स्प्रिंग टाकली की त्रास वाढतो. तिसऱ्यावर उंचीचा किट टाकला की तोही वाढतो. म्हणून एक दिवस फक्त ऐकण्यात घालवा. शेजारी कोणी बसवा, रेडिओ बंद करा आणि कुठल्या खड्ड्याला कुठला आवाज आला ते लिहून काढा.

स्प्रिंगचं गणित, एका चाकापुरतं

कामाची वाटणी अशी असते: ट्रकचं वजन स्प्रिंग पेलते, मग ती कॉइल असो, पाटे असोत की टॉर्शन बार (पिळला जाणारा पोलादी दांडा). रस्त्यानं चाक वर ढकललं की ती ऊर्जा स्प्रिंग साठवते आणि लगेच परत देऊन टाकते. शॉकअप वजन पेलत नाही. तो स्प्रिंगनं परत दिलेली ऊर्जा तेलातून दाबून नेतो आणि तिची उष्णता करतो. शॉकअप नसेल तर ट्रक झोपाळ्यासारखा झुलत राहील.

झोपाळ्याला जशी स्वतःची लय असते तशी स्प्रिंगवर बसलेल्या ट्रकलाही असते. ती सेकंदाला 1 ते 1.5 झोक्यांच्या आसपास असली की माणसाला बरं वाटतं. अर्ध्या झोक्याच्या खाली गेली की मळमळायला लागतं, बोट लागते तसं. 2 च्या वर गेली की ट्रक कडक वाटायला लागतो. बसलेल्या माणसाचं शरीर उभ्या हादऱ्यांना सर्वांत हळवं असतं ते सेकंदाला साधारण 4 ते 8 या टप्प्यात, कारण पोटातले अवयव आणि पाठीचा कणा तिथे स्वतःच थरथरू लागतात. लय जितकी या टप्प्याकडे सरकेल तितका जास्त हादरा आपल्या अंगात उतरतो.

आता आकडे घालून बघू. समजा रिकाम्या ट्रकच्या मागच्या एका चाकावर 350 किलो वजन आहे आणि तिथली स्प्रिंग 40 न्यूटन प्रति मिलिमीटरची आहे, म्हणजे मिलिमीटरभर दाबायला साधारण 4 किलोचा भार लागतो. या वजनाखाली स्प्रिंग 86 मिलिमीटर दबून बसेल आणि तिची लय येईल 1.7. हौद्यात माल भरला, त्याच चाकावर 750 किलो आले, की स्प्रिंग 184 मिलिमीटर दबेल आणि लय 1.2 वर उतरेल. म्हणून भरलेला पिकअप रिकाम्यापेक्षा मऊ चालतो. त्याच्या स्प्रिंगा भरलेल्या वजनासाठी बनवलेल्या असतात आणि आपण तो बहुतेक वेळ रिकामा हाकतो.

आता हीच स्प्रिंग बदलून दुप्पट कडक बसवली तर रिकाम्या ट्रकची लय जाते 2.4 वर. "मजबूत" पाटे टाकल्यावर जे होतं ते हेच.

हा हिशोब घरीही करता येतो. वजनाखाली स्प्रिंग किती मिलिमीटर दबते ते मोजा, त्या आकड्याचं वर्गमूळ काढा आणि 15.8 ला त्यानं भागा. येईल ती लय. पाट्यांसाठी हे उत्तर ढोबळ असतं, कारण दाबत गेलं की खालचे पाटे कामाला लागतात आणि कडकपणा वाढत जातो. पुढे कॉइल जर चाकापासून आत, आर्मच्या (चाकाला चेसीशी जोडणाऱ्या भुजेच्या) मधोमध बसलेली असेल, तर चाकाला ती बऱ्याच कमी कडकपणानं जाणवते. कॉइल आर्मच्या बरोबर अर्ध्यावर असेल तर चाकापाशी तिचा कडकपणा निम्मा राहत नाही, चौथाई होतो. तरफेचा परिणाम दोनदा लागू पडतो: जोरही निम्मा, हालचालही निम्मी. दोन गाड्यांच्या कॉइलचे आकडे समोरासमोर ठेवून "ही मऊ, ती कडक" असं म्हणता येत नाही ते यामुळे.

एवढं कळलं की पहिला व्यावहारिक प्रश्न येतो: ट्रकवर कायमचं वजन किती? लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र), छतावरचा रॅक, दुसरी बॅटरी, पाण्याची टाकी, हे सगळं रोजचं असेल तर स्प्रिंग त्या वजनाची हवी. पण वर्षातून दोन सहलींना 300 किलो चढत असतील, तर त्यासाठी वर्षभर कडक स्प्रिंग सहन करण्यात अर्थ नाही. मऊ स्प्रिंग ठेवावी आणि सहलीपुरती मदतनीस एअरबॅग, म्हणजे स्प्रिंगच्या जोडीला बसवलेली हवेची पिशवी, फुगवावी. वजनकाट्यावर ट्रक नेऊन पुढच्या आणि मागच्या एक्सलचं वजन वेगवेगळं काढून घ्या. अंदाजात आणि काट्यात निघणारा फरक बहुतेकांना चकित करतो.

टायर हीसुद्धा स्प्रिंगच आहे

रस्ता आणि स्प्रिंग यांच्यामध्ये आणखी एक स्प्रिंग असते, हवेची. टायर सस्पेन्शनच्या स्प्रिंगपेक्षा कित्येक पट कडक असतो आणि त्याचा कडकपणा जवळजवळ हवेच्या दाबाबरोबर वाढतो. बारीक खडी, सुपारीएवढे दगड, रस्त्यातल्या भेगा हे इतकं छोटं आणि वेगवान असतं की एक्सलचं जड वजन हलेपर्यंत घाव पुढे निघून गेलेला असतो. तो गिळायचा तर टायरनंच.

डांबरी रस्त्याला 35 पीएसआय हवा असेल तर खडीच्या रस्त्याला 25 च्या आसपास आणून बघा. वाळूत 15 ते 18. खडखडीची निम्मी तक्रार इथेच संपते, आणि त्याला खर्च शून्य. पण कमी हवेबरोबर वेगही कमी करायचा, हे सोडून चालणार नाही. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो, तापतो आणि वेगात फुटू शकतो. फारच कमी हवेत जोरात वळलं तर टायर रिमवरून निघतो. हवा नेहमी टायर थंड असताना मोजायची, अर्धा-पाऊण तास चालवून पुन्हा मोजायची. दाब 4 ते 6 पीएसआयपेक्षा बराच जास्त चढला असेल तर टायर गरजेपेक्षा जास्त वाकतोय, म्हणजे त्या वजनाला आणि वेगाला हवा कमी पडतेय. डांबरावर परत आल्यावर हवा भरणं आलंच.

टायर निवडताना आणखी एक गोष्ट. जड मालासाठी बनवलेल्या जाड टायरची बाजू कडक असते, आणि त्याचं वजनही जास्त. मोठ्या मापाचे टायर घातले आणि प्रत्येक चाक 10 किलोनं जड झालं, तर ते वजन स्प्रिंगच्या खालच्या बाजूला येतं. रस्त्यानं वर फेकलेलं जड चाक आवरायचं काम शॉकअपवर पडतं. हलक्या ट्रकला दहा-प्लायचे, म्हणजे असेच जड मालाचे, टायर घालून मग मऊपणासाठी शॉकअप बदलणारे मी खूप पाहिलेत.

जिथे कोणी बघत नाही: घर्षण

माझ्या मते हा भाग सगळ्यात दुर्लक्षित आहे. पाट्यांचा संच दाबला जातो तेव्हा एक पाटा दुसऱ्यावर घसरतो. पाटे गंजले, मध्ये चिखल वाळून बसला, की हे घसरणं अडतं. मग छोटा धक्का आला तर पाटे वाकतच नाहीत, सगळा संच एका लोखंडी दांड्यासारखा धक्का चेसीला देऊन टाकतो. धक्का पुरेसा मोठा झाला की अचानक सुटतात. शॉकअप कितीही चांगले असले तरी इथे त्यांचा इलाज चालत नाही, कारण पाटे हललेच नाहीत तर शॉकअपचा दांडा कुठून हलणार?

हे घर्षण मोजायची सोपी युक्ती आहे. ट्रक सपाट जमिनीवर उभा करा. मागचा बंपर दोघांनी मिळून खाली दाबा आणि अगदी हळू सोडा. जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजा. मग तोच बंपर वर उचला, तसाच हळू सोडा, पुन्हा मोजा. घर्षण नसतं तर दोन्ही आकडे एकच आले असते. माझ्या ट्रकला 22 मिलिमीटरचा फरक आला. म्हणजे 22 मिलिमीटरच्या टप्प्यात पाटे जिथे अडकतील तिथे अडकून बसत होते. संच उतरवला, एकेक पाटा वायरब्रशनं घासला, टोकांवर पडलेल्या खाचा घासून गुळगुळीत केल्या, मध्ये प्लॅस्टिकच्या घसरपट्ट्या घातल्या. फरक 8 वर आला. खडीवरचा फरक पहिल्या शंभर मीटरमध्ये कळला. पाट्यांमध्ये ग्रीस मात्र भरू नका, ते धूळ धरून ठेवतं आणि थोड्याच दिवसांत त्याचा पॉलिश-पेपर होतो. पाटे पुन्हा बसवताना यू-बोल्ट नवे घालायचे आणि काही शे किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे.

दुसरी जागा बुशांची. रबरी बुशाची आतली नळी बोल्टनं घट्ट धरलेली असते आणि बाहेरची आर्मला किंवा पाट्याच्या डोळ्याला चिकटलेली. मधलं रबर पिळलं जातं आणि त्यामुळेच आर्म हलतो. आता ट्रक जॅकवर आहे, चाकं लोंबकळताहेत, आणि त्याच अवस्थेत कोणी बोल्ट आवळले तर? ट्रक खाली उतरवल्यावर प्रत्येक बुश कायमचा पिळलेला राहतो. ते रबर एक जादाची स्प्रिंग बनतं, आणि काही महिन्यांत फाटतं. एका दुरुस्तीनंतर माझ्या ट्रकचं असंच झालं होतं. ट्रक चारही चाकांवर उभा करून मी शॅकलचा (पाट्याचं टोक चेसीला जोडणाऱ्या दुव्याचा) बोल्ट ढिला केला, तेव्हा "टक्" असा आवाज आला आणि तो कोपरा बोटभर खाली बसला. इतके दिवस ती उंची रबरानं धरून ठेवली होती. सस्पेन्शनचं कुठलंही काम झालं की बुशांचे बोल्ट ट्रकचं वजन चाकांवर असतानाच शेवटचे आवळायचे, हे काम करणाऱ्याला आधी सांगून ठेवा.

जागा आहे का? झिप-टायची चाचणी

आता चाकाच्या प्रवासाकडे येऊ. ट्रक उभा असताना चाकाला वर जायला किती जागा आहे आणि खाली जायला किती, हे दोन आकडे ज्याला माहीत नाहीत त्यानं शॉकअपला हात लावू नये असं मी म्हणेन.

शॉकअपच्या चकचकीत दांड्याभोवती एक प्लॅस्टिकचा झिप-टाय बांधा, सरकेल इतपत सैल, आणि तो सीलला (दांडा नळीत शिरतो तिथल्या कड्याला) टेकवून ठेवा. नेहमीच्या रस्त्यावर नेहमीच्या वेगानं जाऊन या. शॉकअप दबला की सील झिप-टायला ढकलत नेतं आणि सर्वांत खोल जागी सोडून येतं. परत आल्यावर सीलपासून झिप-टायपर्यंतचं अंतर मोजा. दांडा संपेपर्यंत झिप-टाय गेला असेल तर प्रवास पुरत नाहीये. निम्म्याच्याही खूप आत थांबला असेल, तर दिलेली जागा तुम्ही वापरतच नाही आहात, सस्पेन्शन गरजेपेक्षा कडक आहे. खराब रस्त्यावर झिप-टाय शेवटाच्या जवळ पोचावा पण रोज टोकाला भिडू नये, हे मला योग्य वाटतं.

खाली जायचा प्रवास मोजायला चेसीला जॅक लावून चाक लोंबकळेपर्यंत उचला. एकूण प्रवास 200 मिलिमीटर असेल तर त्यातले 80 ते 90 तरी खालच्या बाजूला असावेत, कारण खड्डा म्हणजे चाकाला आधी खालीच जायचं असतं. इथे उंचीच्या किटचा घोटाळा कळतो. टॉर्शन बार पिळून किंवा कॉइलवर स्पेसर घालून ट्रक 40 मिलिमीटरनं उचलला, तर एकूण प्रवास वाढत नाही. खालच्या 90 मधले 40 वर सरकतात आणि खाली उरतात फक्त 50. मग जरा मोठा खड्डा आला की चाक खालच्या टोकाला आपटतं. तो "खट्ट" आवाज हाच. लोक म्हणतात, टॉर्शन बार पिळल्यावर कडक झाला. बार तितकाच कडक आहे, चाक मात्र खाली जायच्या जागेविना अडकलंय. कॉइलओव्हरचा (शॉकअपभोवतीच कॉइल बसवलेल्या जोडीचा) नट आवळण्याचंही तेच. त्यानं उंची बदलते, कॉइलचा कडकपणा बदलत नाही.

उंची खरंच वाढवायची असेल तर शॉकअप त्या मापाचे लांब घ्या. ब्रेकचे होज चाक पूर्ण लोंबकळल्यावर ताणले जात नाहीत ना ते बघा, प्रोपेलर शाफ्टचा कोन तपासा आणि पुढच्या चाकांचं अलाइनमेंट कॅस्टरसकट (स्टीअरिंगच्या आसाच्या पुढे-मागे कलासकट) करून घ्या. यात हयगय चालत नाही.

वरच्या टोकाला बंपस्टॉप असतो. जुना रबरी ठोकळा दगडासारखा कडक होतो. त्याऐवजी फेसाळ पॉलियुरेथेनचा लांब बंपस्टॉप लावला तर तो आधी मऊ आणि मग हळूहळू कडक होत जातो, शेवटच्या टप्प्यात दुसऱ्या स्प्रिंगसारखा काम करतो. प्रवास वाढावा म्हणून बंपस्टॉप कापणारे लोक आहेत. तसं केलं की चाक मडगार्डला घासतं किंवा शॉकअप आतून आपटून फुटतो.

आता शॉकअप

शॉकअपच्या आत तेलानं भरलेल्या नळीत एक पिस्टन असतो. पिस्टनला छिद्रं असतात आणि त्या छिद्रांवर पातळ पोलादी चकत्यांची थप्पी. तेल या चकत्या वाकवून पलीकडे जातं. चकत्या जाड तर विरोध जास्त. दबताना आणि सुटताना विरोध वेगळा ठेवता येतो: दबताना तो कमी हवा, म्हणजे चाक चटकन वर जाऊ शकतं, आणि सुटताना जास्त, म्हणजे साठवलेली ऊर्जा एकदम बाहेर येत नाही. सुटतानाच्या विरोधाला रिबाउंड म्हणतात, दबतानाच्या विरोधाला कॉम्प्रेशन.

समायोजनाच्या नॉबवर 'लो स्पीड' आणि 'हाय स्पीड' लिहिलेलं असतं आणि इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. हा ट्रकचा वेग नसतो, शॉकअपच्या दांड्याचा वेग असतो. हायवेवर 90 च्या वेगानं वळण घेताना ट्रक झुकतो, तेव्हा दांडा हळू हलतो, ते लो स्पीड. 20 च्या वेगानं धारदार कडेच्या खड्ड्यात चाक पडलं, तेव्हा दांडा झटक्यात हलतो, ते हाय स्पीड. म्हणून ट्रक वळणात आणि ब्रेकला फार झुकतोय अशी तक्रार असेल तर लो स्पीड कॉम्प्रेशन थोडं वाढवायचं, आणि धारदार खड्डे लागताहेत अशी असेल तर हाय स्पीड कॉम्प्रेशन कमी करायचं. एकाच वेळी दोन्ही नको.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो ती गोष्ट. पन्हाळी पत्र्यासारखे आडवे वळे पडलेला रस्ता तुम्ही पाहिला असेल. असे वळे आपोआप पडतात. ठरावीक वेगाच्या वर गेलेलं कुठलंही चाक सुट्या मातीवर उड्या मारायला लागतं आणि वळे कोरत जातं, हे वाळूवर चाक फिरवून केलेल्या प्रयोगांतून 2007 मध्ये दाखवलं गेलं. गंमत म्हणजे त्या चाकाला सस्पेन्शनची स्प्रिंग असायचीही गरज पडत नाही.

समजा दोन वळ्यांमध्ये 70 सेंटिमीटर अंतर आहे आणि ट्रक 40 किलोमीटरच्या वेगानं चाललाय, म्हणजे सेकंदाला 11 मीटर. चाकाला सेकंदाला 16 वळे भेटतात. प्रत्येक वळ्यावर चढून पुढच्या खाचेत उतरायला मिळून 63 मिलिसेकंद, उतरायला त्यातले निम्मे. रिबाउंड जर फार घट्ट असेल तर चाक तेवढ्या वेळात पुरतं खाली येत नाही. थोडं खाली येतं, तोच पुढचा वळा त्याला वर ढकलतो. पुन्हा थोडं कमी. असं करत पन्नासेक वळ्यांत सस्पेन्शन वरच्या बाजूला जमा होतं, ट्रक खाली बसत जातो आणि शेवटी बंपस्टॉपच्या तोंडाशी चालू लागतो. सुरुवातीचे काही मीटर बरं वाटलं आणि मग ट्रक दगडासारखा झाला, तर हेच घडतंय.

माझ्या बाबतीत असं झालं तेव्हा मला वाटलं स्प्रिंग मऊ पडतेय, ट्रक बसतोय. मी कॉम्प्रेशन वाढवलं, मग रिबाउंडही. ट्रक आणखी वाईट झाला. मग एका मित्राच्या सांगण्यावरून मडगार्डजवळ मोबाईल बांधून स्लो-मोशनमध्ये चाक चित्रित केलं. टायर आणि मडगार्डमधली फट डोळ्यांदेखत कमी कमी होत गेली आणि चाक खाचांमध्ये उतरतच नव्हतं, वळ्यांच्या माथ्यांवरून तरंगत चाललं होतं. रिबाउंड चार क्लिक सैल केला. त्याच पट्ट्यात फट परत आली, चाक खाचेत उतरताना दिसलं, आणि शेजारी बसलेल्या माणसाशी पुन्हा बोलता येऊ लागलं. मऊपणासाठी मी सतत कॉम्प्रेशनशी झटत होतो. गाठ रिबाउंडमध्ये होती.

रिबाउंड किती सैल करायचा? उंचवटा ओलांडल्यावर ट्रक एकदा वर येऊन, किंचित खाली जाऊन थांबला तर ठीक. दुसरा झोका स्पष्ट जाणवला तर एक क्लिक घट्ट करा.

नॉब नसलेल्या शॉकअपमध्ये हे काम चकत्या बदलून करावं लागतं. मोनोट्यूब, म्हणजे एकेरी नळीच्या, शॉकअपमध्ये तेलामागे नायट्रोजन भरपूर दाबाखाली भरलेला असतो, त्यामुळे तो घरी उघडू नका, शॉकअप बांधणाऱ्याकडेच द्या. त्याला "मऊ करून द्या" असं न सांगता तक्रार सांगा: कुठला रस्ता, किती वेग, झिप-टाय कुठवर गेला.

उष्णतेचंही बघायला हवं. दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये तेल आणि वायू एकाच भांड्यात असतात. वळ्यांच्या रस्त्यावर अर्धा तास खडखडाट झाला की तेलाला फेस येतो, तेल पातळही होतं, आणि शॉकअप निम्म्यावर येतो. सकाळी चांगला चालणारा ट्रक दुपारी डुलायला लागतो तो यामुळे. लांब कच्च्या प्रवासाला मोनोट्यूब, किंवा बाहेर वेगळी तेलाची टाकी असलेला शॉकअप, हा खर्च मी योग्य मानतो. थांबल्यावर चारही शॉकअपजवळ हात नेऊन बघा, टेकवू नका, चटका बसतो. तीन तापलेले आणि एक थंड असेल तर तो थंड शॉकअप काम करत नाहीये.

पुढचं-मागचं नातं

पुढचं चाक उंचवट्यावर आधी चढतं, मागचं नंतर. 3 मीटर व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) ट्रकला 60 च्या वेगात हा फरक 0.18 सेकंदाचा असतो. पुढचा झोका आधी सुरू होतो, मागचा उशिरा, आणि दोन्ही एकाच लयीत असले तर ट्रक घोड्यासारखा डोकं हलवत राहतो. मॉरिस ओली हे इंजिनीअर रोल्स-रॉइसमधून 1930 च्या सुमारास अमेरिकेतल्या जनरल मोटर्समध्ये गेले आणि तिथे त्यांनी यावर उपाय मांडला: पुढची लय मागच्यापेक्षा थोडी संथ ठेवा, म्हणजे उशिरा सुरू झालेला मागचा झोका पुढच्याला गाठतो आणि ट्रक सपाट बसतो. पुढे जड बंपर आणि विंच आला म्हणून पुढच्या स्प्रिंगा फार कडक केल्या की हे नातं उलटं होतं. डोकं हलवणं सुरू झालं असेल तर आधी हे तपासा.

अँटीरोल बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा, वळणात झुकणं आवरणारा दांडा. खडकाळ वाटेवर, अगदी हळू चालताना, पुढचा सोडवला तर एका चाकाचा धक्का दुसऱ्याकडे जात नाही आणि डोकं डावी-उजवीकडे फेकलं जात नाही. डांबरावर चढण्याआधी तो परत जोडायचा.

एका वेळी एकच

ट्यूनिंगसाठी दोन-तीन किलोमीटरचा एक पट्टा ठरवून टाका, ज्यात खडी, वळे आणि एखादा मोठा खड्डा आहे. तोच पट्टा, तोच वेग, तीच हवा, तेवढंच डिझेल. क्रमही ठरलेला असू द्या: वजन, हवा, घर्षण आणि बुश, प्रवास, स्प्रिंग, आणि शेवटी शॉकअप. शॉकअपचा नॉब आधी पूर्ण बंद करा, हलक्या हातानं, आणि तिथून उघडताना क्लिक मोजा. एकदा रिबाउंड, जाऊन या. एकदा कॉम्प्रेशन, जाऊन या. दोन गोष्टी एकत्र बदलल्या की सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही, आणि बिघाड झाला तर परतीची वाट सापडत नाही.

माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर आता दोनच ओळी आहेत. रिकामा ट्रक, खडीचा रस्ता: टायरची हवा पुढे 24, मागे 22, रिबाउंड मागे बंदपासून 11 क्लिक, एअरबॅगमध्ये फक्त 5. भरलेला: पुढे 26, मागे 32, रिबाउंड 8 क्लिक, एअरबॅग 25. हे आकडे तुमच्या ट्रकला लागू पडणार नाहीत. पण माल चढवला की रिबाउंडही बदलावा लागतो, कारण आता परत फेकणाऱ्या स्प्रिंगमध्ये जास्त ऊर्जा साठलेली असते, हे तुमच्याही वहीत येईल. दर सहलीआधी हवेचं मीटर काढतो तेव्हा ते पान उघडतो, खाली वाकून क्लिक मोजतो, आणि झिप-टाय परत सीलला टेकवून निघतो.